लॉरा आरएस: घरी ब्रेक पॅड बदलायचेत, मागच्या कॅलिपरपाशी अडलंय

तिसरा_गिअर

गाडी स्कोडा लॉरा आरएस, १.८ टीएसआय, २०१२ चं मॉडेल. पुढच्या पॅडचा पिवळा दिवा लागलाय. मागचे पॅड अलॉयच्या फटीतून पाहिले, तेही शेवटाला आलेत. चारही चाकांचे पॅड सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलायचा विचार आहे. ऑइल-फिल्टर घरीच करतो, सॉकेट सेट आणि ट्रॉली जॅक आहे, टॉर्क रेंच मागवतोय.

पुढचं काम समजलंय असं वाटतं. मागच्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन मात्र नुसता दाबून आत जात नाही, फिरवावा लागतो म्हणतात. त्याला खास अवजार लागतंच का? कुठले बोल्ट नवे घ्यायचे, टॉर्क किती? ब्रेक ऑइलही बदलायला हवं का? सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी, वरंधा असं चालवणं होतं, तर कंपनीच्या पॅडऐवजी स्पोर्ट्स पॅड घालावेत का? आणि डिस्कच्या कडेला धार आलीय, ती चालेल की डिस्कही बदलू?

पाना_कानस

पॅड मागवण्यापासून सुरुवात करा, कारण चूक बहुतेक तिथेच होते. या प्लॅटफॉर्मवर पुढे २८८ मिमी आणि ३१२ मिमी अशा वेगवेगळ्या डिस्क येतात, मागेही मापं वेगवेगळी आहेत, आणि त्याप्रमाणे पॅडचा आकार बदलतो. नुसतं ‘लॉराचे पॅड द्या’ म्हणून घेऊ नका. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात आणि सर्व्हिस बुकात एक कागदी स्टिकर असतो. त्यावर तीन अक्षरी कोडांची रांग असते. ‘१झेड’ने सुरू होणारा कोड पुढच्या ब्रेकचा, ‘१के’ने सुरू होणारा मागच्या. तो कोड किंवा चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढा. स्टिकर गेला असेल तर डिस्कचा व्यास मोजा.

पुढच्या सेटमध्ये एका पॅडला वायर हवी. तो डाव्या चाकाचा सेन्सर. पॅड झिजला की वायरचं वेटोळं कापलं जातं, सर्किट तुटतं आणि दिवा लागतो. म्हणजे बिनवायरचा स्वस्त सेट घातलात तर कनेक्टर मोकळा राहणार आणि पॅड कोरे असूनही दिवा तसाच. मग कोणीतरी दोन वायरी पिळून टेप मारून देतो आणि पुढच्या वेळी इशारा मिळायची सोयच राहत नाही. जुनी गाडी घेतली असेल तर असा उद्योग आधी कोणी केलाय का, तेही पाहून घ्या.

अवजारं: चाकाला १७ चं सॉकेट आणि चोरी-रोधक बोल्टचं अडॅप्टर (ते डिकीत खरंच आहे का, हे आदल्या दिवशी बघा). पुढच्या कॅलिपरला ७ मिमी अ‍ॅलन सॉकेट. साध्या सेटमध्ये ६ नंतर थेट ८ असतं, ७ वेगळं घ्यावं लागतं. मागे १३ चं सॉकेट आणि १५ चा पातळ फिक्स पाना. जाड पाना शिरतच नाही. पुढच्या पिस्टनला जी क्लॅम्प, मागच्या पिस्टनला फिरवून आत घालायचं अवजार. वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, मोठी सिरिंज, सिलिकॉन ग्रीस, दोन जॅक स्टँड.

गाडी उचलणं. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय रुततात, खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. जॅक उंबऱ्याखालच्या खुणेच्या जागीच लावा, खाचेचं रबर असेल तर पत्र्याची कड वाकत नाही. पुढचं काम करताना हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना ठोकळे. मागचं काम करताना हँडब्रेक पूर्ण सोडलेला लागतो, म्हणजे तेव्हा गाडी फक्त गिअरवर आणि पुढच्या ठोकळ्यांवर उभी असणार. पहिला गिअर टाका आणि दोन्ही पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. उताराच्या पार्किंगमध्ये हे काम करूच नका.

आता पुढचं चाक. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. चाक काढल्यावर स्टिअरिंग त्या बाजूला वळवा, मागे हात घालायला जागा होते. दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक तशीच ठेवा, नमुन्याला.

१. कॅलिपरच्या तोंडावरची तारेची स्प्रिंग स्क्रू ड्रायव्हरने काढा. दुसऱ्या हाताने धरून ठेवा, सुटली की उडते.
२. डाव्या बाजूला सेन्सरचा कनेक्टर सोडवा.
३. मागच्या बाजूची दोन प्लास्टिकची टोपणं काढा, आत ७ मिमीच्या गाइड पिना दिसतील. त्या सोडून मागे ओढा.
४. कॅलिपर निघाला की तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या पाइपवर लटकता कामा नये. रबराला आतून चीर गेली तर बाहेरून काही दिसत नाही.
५. आतला पॅड पिस्टनमध्ये पाकळ्यांनी अडकलेला असतो, ओढून काढा. बाहेरचा कॅलिपरला चिकटून येतो किंवा ब्रॅकेटमध्ये (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) राहतो.
६. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा, पातळी मॅक्सजवळ असेल तर सिरिंजने थोडं काढा. जुना पॅड पिस्टनवर धरून जी क्लॅम्पने हळूहळू दाबा. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं किंवा ओलं दिसलं तर तिथेच थांबा. मग आधी कॅलिपरची सील किट.
७. पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये जिथे सरकतात ती जागा वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. निम्मी गुणवत्ता या पाच मिनिटांत आहे. गंजाचा थर राहिला की पॅड अडकून बसतो, एका बाजूनेच झिजतो आणि चाक तापतं.
८. नवा आतला पॅड पिस्टनमध्ये बसवा, बाहेरचा ब्रॅकेटमध्ये. बाहेरच्या पॅडच्या पाठीवर चिकट थर आणि त्यावर कागद असेल तर कागद सोलून काढा. पॅडवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला.
९. पिना ३० न्यूटन-मीटरला. टोपणं, कनेक्टर, स्प्रिंग.

पिनांना ग्रीस लावू नका. हे वाचून बरेच जण भुवया उंचावतील, पण या कॅलिपरच्या पिना रबरी बुशमध्ये कोरड्याच सरकायला बनवल्या आहेत. पुसून, स्वच्छ करून घाला. साधं ग्रीस लागलं की रबर फुगतं आणि पिन जाम होते. बुश सैल किंवा फाटले असतील तर बुश बदला, ग्रीस हा त्यावरचा उपाय नाही.

पाना_कानस

मागचं वेगळं लिहितो.

इथे पिस्टनच्या आत हँडब्रेकचा स्क्रू आणि आपोआप अ‍ॅडजस्ट होणारी यंत्रणा असते. पॅड झिजेल तसा पिस्टन त्या आट्यांवर थोडा थोडा बाहेर येतो. म्हणून तो सरळ दाबला तर जात नाही, आणि जी क्लॅम्पने जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. मग कॅलिपरच बदलायचा. तेव्हा हो, अवजार लागतंच. नोज प्लायरने पिस्टनच्या खाचा धरून फिरवायचे व्हिडिओ आहेत. त्यात प्लायर सटकतं आणि धुळीचं रबर फाटतं.

हँडब्रेक सोडा. केबल काढायची गरज नाही. १३ चे दोन बोल्ट, मागून १५ च्या पातळ पान्याने गाइड पिन धरून. पाना लावला नाही तर पिन बोल्टबरोबर फिरते आणि पिनेवरचा रबरी बूट पिळवटतो. कॅलिपर वर टांगा, पॅड काढा, ब्रॅकेट घासा. पत्र्याच्या क्लिपा नव्या सेटमध्ये आल्या असतील तर त्याच घाला.

अवजार लावून पिस्टन घड्याळाच्या दिशेने फिरवा, दोन्ही बाजूंना तीच दिशा. फिरवताना आतल्या बाजूला हलका दाब हवा. नुसता फिरवला तर जागच्या जागी फिरत राहतो आणि पिस्टनभोवतीचा रबरी बूट मुरगळतो. अधूनमधून थांबून बूट सपाट आहे ना ते पहा, मुरगळला असेल तर बोटाने सरळ करा.

या पिना मात्र ग्रीसवाल्या आहेत. बाहेर ओढून पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, बूट खाचेत नीट बसवा. एखादी पिन हाताने सरकत नसेल तर तुमचे मागचे पॅड लवकर का संपले त्याचं उत्तर तिथेच मिळेल.

१३ चे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आट्यांवर लॉकिंगचा थर असतो. चांगल्या सेटमध्ये चार नवे येतात, नसतील तर वेगळे घ्या. टॉर्क ३५ न्यूटन-मीटर.

आणखी एक जागा बघा: कॅलिपरवरचा हँडब्रेकचा छोटा लिव्हर. हँडब्रेक सोडल्यावर तो परत आपल्या थांब्याला टेकला पाहिजे. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तो अर्ध्यात अडकतो आणि पॅड सतत घासत राहतो. हाताने ढकलल्यावरच परत येत असेल तर लिव्हर किंवा केबल गंजलीय.

चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, एकाआड एक, गाडी जमिनीवर आल्यावर. शंभरएक किलोमीटरनंतर परत तपासा.

आणि गाडी हलवण्याआधी, स्टार्ट करण्याहीआधी, पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या काही वेळा ते जमिनीपर्यंत जाणार, कारण पिस्टन मागे ढकललेले आहेत. हे विसरून रिव्हर्स टाकला की मागे भिंत किंवा शेजाऱ्याची गाडी. मागचे पिस्टनही पेडलनेच पुढे येतात. आधी पेडल, मग हँडब्रेक. उलटं करू नका.

खंबाटकी_उतार

स्पोर्ट्स पॅडबद्दल. ताम्हिणी-वरंध्यासाठी ट्रॅकचे पॅड घालू नका. ते तापल्यावर चावतात. सकाळी पार्किंगमधून निघताना, किंवा पावसात पहिल्या सिग्नलला, कंपनीच्या पॅडपेक्षा कमी थांबवतात. शिवाय आवाज, काळी भुकटी, आणि डिस्क लवकर खातात.

काही पॅडच्या कडेला किंवा पाठीवर कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी वगैरे. पहिलं अक्षर थंड पॅडच्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्याचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. रस्त्यावरच्या गाडीला एफएफ पुष्कळ झालं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड घाटात ढेपाळणार हे लिहूनच दिलंय. हे अक्षर झीज किंवा टिकाऊपणा सांगत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. युरोपियन ब्रँड घेताना आर ९० ची ई-मार्क खूण पहा. टेक्स्टार, एटीई, टीआरडब्ल्यू, फेरोडो यांचे रस्त्यावरचे पॅड या गाडीला उत्तम चालतात. डब्याचं सील आणि छपाई नीट बघा, नकली माल भरपूर आहे.

काहीही घ्या, पुढे-मागे एकाच स्वभावाचे घ्या. फक्त पुढे कडक चावणारे आणि मागे साधे घातले की ब्रेकिंग आणखी पुढे ढकललं जातं, पुढचं एबीएस लवकर येतं आणि मागचे पॅड आयते राहतात. थांबण्याचं अंतर काही कमी होत नाही.

घाटात ‘ब्रेक गेले’ म्हणतात ते बहुतेक वेळा पॅडमुळे नसतं, जुन्या ऑइलमुळे असतं. ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. उकळलं की बुडबुडे, बुडबुडे झाले की पेडल स्पंज. पॅड फेड झाला (तापून पकड गेली) तर पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. पेडलवरूनच कळतं कोण गुन्हेगार आहे. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर स्पोर्ट्स पॅडचे पैसे आधी तिथे घाला. डॉट ५ (सिलिकॉनवालं) या गाडीत अजिबात नाही, ५ आणि ५.१ हे दोन वेगळे प्राणी आहेत.

मिलिमीटर

डिस्क: कडेची धार ही शिक्षा नाही, पण मोजल्याशिवाय सोडू नका. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, बहुधा मधल्या घंगाळावर किंवा कडेवर. पुढची २५ मिमीची हवादार डिस्क असेल तर मर्यादा २२. सगळे एक चूक करतात: साधा व्हर्नियर लावला की त्याचे जबडे कडेच्या धारेवर बसतात आणि झिजलेली डिस्कसुद्धा पास होते. दोन्ही बाजूंना घासणाऱ्या पट्ट्यावर एकेक रुपयाचं एकाच छापाचं नाणं धरा, त्यावरून मोजा, मग दोन नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा.

मर्यादेपेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटरच वर असेल तर नव्या पॅडबरोबरच डिस्कही बदला, कारण या पॅडच्या आयुष्यात ती खाली जाणारच. नवा पॅड जुन्या धारेवर चढत असेल तर आवाज येईल. धार कानसीने थोडी उतरवता येते, पण लेथवर डिस्क छाटून घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्यात उरलेली जाडी जाते.

डिस्क काढायची झाली तर टी३० चा एक छोटा स्क्रू असतो, तो गंजून बसतो. आधी हातोडीने सरळ दोन टिचक्या, मग सोडा. डोकं गोल झालं तर ड्रिल. परत लावताना फक्त ४ न्यूटन-मीटर, तो डिस्क धरून ठेवायलाच आहे. त्याआधी हबचा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) चेहरा घासून चकचकीत करा. तिथे राहिलेला गंजाचा पापुद्रा डिस्कला तिरकं बसवतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. त्याला लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. खरं तर तिरक्या डिस्कवर पॅडचा थर कमी-जास्त बसलेला असतो. पुढचा ब्रॅकेट काढावा लागला तर त्याचे बोल्ट १९० न्यूटन-मीटर, छोट्या टॉर्क रेंचचं काम नाही ते.

जुन्या पॅडकडेही बघा, फेकून देऊ नका लगेच. आतला जास्त झिजला असेल तर पिना जाम. एकच पॅड उताराचा झिजला असेल तर ब्रॅकेटमध्ये अडकत होता. डावे-उजवे वेगळे झिजले असतील तर पिस्टन किंवा पाइप. मर्यादा पाठीची प्लेट सोडून २ मिमी.

तिसरा_गिअर

भरपूर मिळालं, आभार. एक शंका. पिस्टन मागे ढकलताना ब्लीड निपल (कॅलिपरवरून ऑइल आणि हवा बाहेर सोडायचं तोंड) उघडावा, म्हणजे घाण ऑइल उलटं एबीएसमध्ये जात नाही, असं आमच्या मेकॅनिकचं म्हणणं आहे. खरं का?

पाना_कानस

तर्क चुकीचा नाही, पण घरी मी तो सल्ला देणार नाही. निपल वर्षानुवर्षं न उघडलेला असतो, तुटला तर कॅलिपर काढून न्यावा लागतो. नीट बंद झाला नाही तर हवा आत. हळू दाबलं, टाकीतलं ऑइल सिरिंजने उपसलं, एवढं घरच्या कामाला पुरतं.

खंबाटकी_उतार

मी थोडा असहमत. ऑइल जुनं असेल तर तसंही ब्लीड करायचंच आहे, मग निपल आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि ११ च्या रिंग पान्याने उघडून पिस्टन दाबा. पाइपचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. फक्त पॅड बदलायचे असतील तर पाना_कानस म्हणतात तसंच, हात लावू नका.

मॅन्युअल गाडी आहे म्हणून सांगतो: क्लचलाही ऑइल याच टाकीतून जातं. सिरिंजने उपसताना तळ गाठू नका. ऑइल रंगावर सांडलं तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता. पुसल्याने पसरतं आणि रंग फुगतो.

मिलिमीटर

काम झाल्यावर पॅड बसवून घ्या. पहाटे मोकळा सरळ रस्ता बघा, मागे कोणी नको. ८० वरून २० पर्यंत मध्यम जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, असं आठ-दहा वेळा. नंतर दहा मिनिटं ब्रेक फारसा न लावता चालवून गार करा. तापलेल्या पॅडवर सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलं की त्या जागी पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो, तीच पुढची थरथर. त्या फेरीनंतर लगेच हँडब्रेकही ओढू नका, गिअरमध्ये उभी करा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा.

पेडल दाबून दाबूनही मऊच राहिलं तर लगेच ‘हवा गेली’ म्हणून ब्लीड करायला धावू नका. निपल उघडलाच नसेल तर हवा येणार कुठून? आधी बाहेरच्या पॅडचा कागद सोललाय का, पॅडचे कान खाचेत पूर्ण बसलेत का, आणि मागचा पिस्टन गरजेपेक्षा जास्त आत फिरवलाय का ते पहा. मागचा पिस्टन पुढे यायला बरेच स्ट्रोक लागतात, पेडल पूर्ण सोडून पूर्ण दाबा, अर्धवट पंपिंगने यंत्रणा पुढे सरकत नाही. हँडब्रेक नेहमीपेक्षा खूप वर येत असेल तरी केबलला हात लावण्याआधी हेच करा.

धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, तोंडाने तर नाहीच. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि खालच्या ट्रेमध्ये गोळा करा. पॅडच्या पृष्ठभागाला ग्रीसचं बोट लागलं असेल तर क्लीनरने धुऊन वाळवा. ऑइल मुरलं असेल तर तो पॅड गेला, आणि बदलताना त्या अ‍ॅक्सलची जोडी बदला, एका बाजूचा नको.